आधी पुरावा, मग धडा

नववी-दहावीला इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहितो आहे. वर्गात साठ-पासष्ट मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, सराव परीक्षेआधी संपवायचा अभ्यासक्रम आणि गणिताच्या सरांना जादा तास हवा असला की आपल्याच विषयातून जाणारी तासिका, हे सगळं गृहीत धरलं आहे. वर्षभर उपक्रमच करत राहा, असं मी म्हणणार नाही. वर्षातून चार-पाच धडे वेगळ्या पद्धतीने शिकवा, एवढंच मागणं आहे.

दहावीच्या सध्याच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरेने होते. लिओपॉल्ड व्हॉन रांके यांचा भर मूळ दस्तऐवजांवर होता, हे मुलं चोख पाठ करतात. पण वर्ष संपतं तरी एकही मूळ दस्तऐवज त्यांच्या हाताला लागलेला नसतो. मुलांनी आळीपाळीने धडा वाचायचा, शिक्षकांनी मध्येच थांबवून ‘या ओळीखाली रेघ मारा, हे टिपेत येतं’ असं सांगायचं, आणि उरलेलं अपेक्षित प्रश्नसंचावर सोडायचं. याने विषय संपतो. कळत मात्र नाही, आणि न कळलेला इतिहास पुढे ज्याच्या त्याच्या सोयीने वाकवला जातो. आजच्या काळात याची काळजी वाटायलाच हवी.

म्हणून एकच नियम सुचवतो. एखादी गोष्ट मुलांना सांगण्याआधी, ती ज्यावरून आपल्याला कळली तो कागद, दगड, नकाशा किंवा माणूस त्यांच्यासमोर आणा. मग फळ्यावर तीन रकाने आखा : यात काय दिसतं? यावरून काय म्हणता येईल? यावरून काय म्हणता येणार नाही? पहिला रकाना वर्गातलं सगळ्यात मागचं मूलही भरतं, कारण त्यात चुकायची भीती नसते. दुसऱ्यात वाद सुरू होतात. तिसरा रकाना मुलांना सगळ्यात अवघड जातो, कारण ‘हे आपल्याला यावरून कळत नाही’ असं म्हणायची मुभा शाळेत त्यांना फारशी कधी मिळालेली नसते. तिथे घाई करू नका. माझ्या मते खरं शिकणं त्याच रकान्यात होतं.

ग्रामीण किंवा निमशहरी शाळेसाठी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात श्रीमंत दस्तऐवज म्हणजे सातबारा. एखादा उतारा घ्या, त्यावरची नावं, गाव आणि गट क्रमांकाचे आकडे काळ्या शाईने झाका आणि मग त्याच्या झेरॉक्स काढा. चौघांत एक प्रत पुरते. मुलांना ‘आपापल्या घरचा उतारा आणा’ असं मात्र सांगू नका. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी जमीनच नसते, आणि आपल्याकडे उतारा नाही हे त्यांना साठ जणांसमोर सांगायला लावणं क्रूर आहे.

आता हा कागद वाचायला लावा. वरचा भाग गाव नमुना सात, म्हणजे हक्कांची नोंद. खालचा नमुना बारा, म्हणजे पिकांची. सातमध्ये ‘आकारणी’ असते, बहुतेक वेळा काही रुपये आणि पैसे एवढीच. दीड एकराला इतका कमी सारा कसा, हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. तिथून थेट एकोणिसाव्या शतकात जाता येतं. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात रयतवारी लावली, १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी व प्रतवारी केली आणि तीच पद्धत पुढे इलाखाभर गेली. त्या जमाबंदीची खूण हा आकडा आजही वागवतो आहे. मग ‘गट क्रमांक’ पाहा. पूर्वी सर्व्हे नंबर होते, गट कुठून आले? जमिनीचे तुकडे पडू नयेत आणि पडलेले एकत्र यावेत म्हणून १९४७ साली कायदा झाला आणि एकत्रीकरण योजनेत गावोगावी गट पडले. ‘कुळाचे नाव’ असा रकाना आहे, तो बहुधा रिकामा दिसतो. तो रिकामा का? १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन यांच्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. पुस्तकात ‘कमाल जमीनधारणा, कूळ कायदा असे सुधारणावादी कायदे झाले’ असं एका वाक्यात येतं. त्याच कायद्याने कोणाच्या तरी आजोबांचं आयुष्य बदललं, हे मुलांना या रिकाम्या रकान्यातून कळतं.

भोगवटादारांची नावं झाकलेली असली तरी ती किती आहेत आणि त्यांत बायकांची किती, एवढं आपण सांगू शकतो. आईचं किंवा विधवेचं नाव असतं. बहिणींचं नाव फेरफाराने आलेलं असतं आणि बऱ्याचदा पुढच्याच फेरफाराने गेलेलंही असतं. मुलीच हा प्रश्न काढतात : मग आत्याचं नाव का नाही? महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, हा कायद्याचा भाग. हक्कसोडपत्र हा घराघरांतल्या व्यवहाराचा भाग. दोन्ही सांगा, पण ‘तुमच्या घरी काय झालं?’ असं कोणालाही विचारू नका. मुली तो प्रश्न घरी घेऊन जातात, आणि तो तिथेच विचारला जाणं योग्य आहे.

आणि शेवटी तिसरा रकाना. या कागदावरून काय कळत नाही? ज्यांची नावं यावर कधीच नव्हती त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. शेतात राबणारे मजूर, आणि बलुतेदार व वतनाच्या बदल्यात गावाची कामं करणारे महार यांच्यातले कितीतरी. इथे वतनाचा विषय नीट काढा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द व्हायला १९५८ उजाडावं लागलं. एका तासिकेत एवढं बसणार नाही. दोन लागतील. त्या द्या, कारण अशा दोन तासिकांनंतर ‘ब्रिटिश महसूल व्यवस्था’, ‘जमीन सुधारणा’ आणि ‘दुर्बल घटकांचे सक्षमीकरण’ हे तीन वेगवेगळे विषय मुलांच्या डोक्यात एकमेकांना जोडले जातात. शहरातल्या शाळेला सातबारा परका वाटत असेल तर चाळीचं जुनं भाडेपत्र, गिरणीतलं ओळखपत्र किंवा रेशनकार्ड घ्या. प्रश्न तेच.

दुसरा धडा माणसांकडून शिकायचा आहे. नववीच्या इतिहासात १९६० नंतरचा भारत येतो, आणि त्या काळातला १९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून घराघरांत आहेत. पण मुलांना नुसतं ‘आजीची मुलाखत घेऊन या’ म्हटलं की सगळ्यांच्या वहीत एकच वाक्य येतं : फार वाईट दिवस होते. दोष आजीचा नाही, प्रश्नाचा आहे. प्रश्न वर्गातच तयार करून घ्या आणि ते बारीक ठेवा. सकाळी काय खायचात? पाणी कुठून, कोण आणायचं? कामावर कोणकोण जायचं? काम कसलं होतं, खडी फोडायचं की तळ्याचं? हजेरी कोण मांडायचं? पगार कधी मिळायचा? जनावरांचं काय केलंत? अशा प्रश्नांना माणसं आठवून आठवून बोलतात. सुकडीचा विषय निघतो, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा निघतो, पाझर तलावाच्या भिंतीवर टाकलेल्या मातीचा निघतो.

वहीत आलेल्या उत्तरांचं दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे खरं कौशल्य आहे. उत्तरं जुळत नाहीत. एकीची आजी म्हणते आम्ही खडीवर होतो, दुसऱ्याचे आजोबा म्हणतात आम्हाला फारशी झळ लागली नाही. ‘खरं काय?’ असं विचारून मतदान घेऊ नका. ‘दोघांचं वेगळं का?’ असं विचारा. विहिरीला पाणी कोणाच्या होतं, जमीन कोणाकडे होती, घरात कमावते हात किती होते, हे मुलं स्वतःच शोधू लागतात. काहींच्या आठवणीत नंतरचे दुष्काळही मिसळलेले असतात. तेही मुलांना सांगा, म्हणजे आठवण हा पुरावा आहे आणि तो तपासावाही लागतो, या दोन्ही गोष्टी एकदम कळतील. तपासायला गावातला पाझर तलाव आहे, त्याची कागदोपत्री नोंद आहे, तालुक्याच्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली असतात.

या धड्याला जोडून मी एक गोष्ट आवर्जून करायला सांगतो : आपली पगाराची चिठ्ठी वर्गात न्या. रक्कम झाका, फक्त कपातीची ओळ दाखवा. व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. हा कर कशासाठी सुरू झाला, हे शिक्षकांच्या खोलीतही अनेकांना माहीत नसतं. साठच्या दशकात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला, दुष्काळात त्याचा मोठा विस्तार झाला, त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्याच धर्तीवर २००५ साली देशभराचा कायदा आला. आजीने फोडलेली खडी आणि सरांच्या पगारातून कापलेले दोनशे रुपये एकाच धाग्यात येतात तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. शासन म्हणजे काय, कर म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, हे राज्यशास्त्राच्या तासाला पुन्हा वेगळं सांगावं लागत नाही.

आता अवघड भाग. शिवकाल, जाती, धर्म, आरक्षण हे विषय निघाले की वर्गात एकदम ताण येतो. बरेच शिक्षक मग ‘हे परीक्षेला नाही’ म्हणून पुढे जातात. तसं करू नका. मुलं मोबाईलवर याच विषयांवरचे मजकूर रोज वाचत असतात, आणि शिक्षक गप्प बसले की त्यांना फक्त तेवढाच मजकूर उरतो. इथे मताची चर्चा घेऊ नका, साधनांची घ्या. हे कोणी लिहिलं? घटनेनंतर किती वर्षांनी? कोणासाठी? मराठ्यांच्या इतिहासात यासाठी उत्तम सामग्री आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या लष्कराच्या छावणीला पाठवलेलं पत्र घ्या. घोड्यांची वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेच्या दाण्यावैरणीला हात लावू नका, आगीपासून जपा, अशी बारीकसारीक ताकीद त्यात आहे. हे त्या काळातलं, त्या कामासाठी लिहिलेलं पत्र. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीच्या मुक्कामी लिहिली गेली. लेखक त्या पिढीतला आहे, पण आठवून लिहितो आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आलेली. तिन्ही साधनं एका कालरेषेवर मांडा आणि मुलांना विचारा, घोड्यांच्या वैरणीबद्दल जाणून घ्यायचं असेल तर आधी कुठे पाहाल? मुलं बरोबर उत्तर देतात. मग फोनवर आलेला एखादा निनावी मजकूर त्याच कालरेषेवर कुठे बसतो, ते त्यांनाच ठरवू द्या. महाराजांबद्दलचा आदर याने कमी होत नाही. उलट, त्या पत्रातला राज्यकर्ता मुलांना जास्त जवळचा वाटतो.

एक पथ्य पाळा. कोणत्याही मुलाला त्याच्या जातीच्या किंवा धर्माच्या वतीने बोलायला लावू नका. ‘तुला काय वाटतं, तुमच्याकडे कसं असतं?’ हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी त्या मुलाला सगळ्यांपासून वेगळं काढतो.

गावात वीरगळ असतील तर क्षेत्रभेटीसाठी त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. मारुतीच्या देवळामागे, पारावर, वेशीजवळ ते उभे असतात, शेंदूर लावलेले. दगड खालून वर वाचायचा : तळाला लढाई, पुष्कळदा शेजारी गायी, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, अगदी टोकाला चंद्र-सूर्य. गायी का कोरल्या, या प्रश्नावर गोधन पळवण्याच्या लढायांचा अख्खा काळ उलगडतो. आधी गावकऱ्यांची परवानगी घ्या आणि अक्षरं उठावीत म्हणून दगडावर खडू किंवा पीठ चोळू देऊ नका.

भूगोलाच्या शिक्षकांना हाच नियम थोडा वेगळा लागतो : आधी नकाशा, मग मजकूर. पर्जन्यछाया शिकवताना व्याख्येपासून सुरुवात केली की ती व्याख्याच राहते. त्याऐवजी सातारा जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर लावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्हींमधून पश्चिम-पूर्व रेघ ओढून उंचीचा छेद काढायला लावा. ढग कुठे अडले, पाणी कुठे पडलं, हे पेन्सिलीनेच दिसतं. मग दहावीच्या पुस्तकातलं ब्राझील उघडा आणि ईशान्य ब्राझीलमधला कोरडा पट्टा त्याच छेदाच्या पद्धतीने समजावा. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या मुलाला ब्राझीलमधला दुष्काळी शेतकरी मग परका राहत नाही.

भारत-ब्राझील तुलनेबद्दल अनेक शिक्षकांची तक्रार असते की हा दूरचा देश कशाला. मला तो फार कामाचा वाटतो, फक्त दुवा आपला हवा. जगात सगळ्यात जास्त ऊस ब्राझीलमध्ये पिकतो आणि त्याखालोखाल भारतात. तेलाचे भाव भडकल्यावर ब्राझीलने १९७५ साली उसापासून इंधन करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आज आपले कारखानेही इथेनॉल काढतात. तिकडे साओ पावलो राज्यात ऊसतोड बहुतेक यंत्रांनी होते. आपल्याकडे बीडच्या बाजूने निघालेली जोडपी कोयते घेऊन सहा-सहा महिने फडात राहतात, आणि नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणून मोजलं जातं. यंत्र आलं तर कोणाचा फायदा, कोणाचं काम जाईल? एवढ्या एका प्रश्नावर शेती, स्थलांतर, उद्योग आणि लोकसंख्या हे चार धडे उभे राहतात. मुलांना आवडणारी आणखी एक जुळणी : ब्राझीलिया ही नवी राजधानी २१ एप्रिल १९६० रोजी सुरू झाली, आणि आपलं राज्य १ मे १९६० रोजी. कालक्रम लक्षात ठेवायला याहून सोपं काय हवं!

राज्यशास्त्रासाठी फार लांब जायला नको. ग्रामपंचायतीच्या फलकावरची ग्रामसभेची नोटीस फोटो काढून आणा. विषयपत्रिकेतला प्रत्येक विषय कोणाच्या मागणीतून आला असेल, पैसा कुठून येईल, ठराव झाल्यावर पुढे कोणाकडे जाईल, हे विचारा. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. मुलांनी त्यांतल्या एका सभेला मागे बसून हजेरी लावली तर बायका किती आल्या होत्या आणि किती बोलल्या, हे ती आपसूक मोजतात. शहरात प्रभागातल्या कामाचा फलक पाहा, रस्त्याच्या कोपऱ्यावर लावलेला असतो.

परीक्षेचं काय, हा प्रश्न रास्त आहे. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल अशा ४०-४० गुणांच्या दोन पत्रिका आहेत आणि मुलांचे गुण आपल्याला महत्त्वाचे आहेतच. ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्न खरं तर या पद्धतीसाठीच बनवल्यासारखा आहे. ज्या मुलाने वर्षभर ‘यावरून काय म्हणता येईल’ हा रकाना भरला आहे, त्याला कारणं आठवावी लागत नाहीत, सुचतात. तरीही लिहिण्याचा सराव वेगळा द्यावाच लागतो. प्रत्येक पुरावाधड्यानंतर मुलांकडून पाच ओळी लिहून घ्या : पहिल्या ओळीत म्हणणं, पुढच्या तिनात पुरावे, शेवटी ते पुरावे म्हणण्याशी कसे जुळतात ते. साठ वह्या तपासणं अशक्य असेल तर दर वेळी एका रांगेच्या तपासा आणि बाकीच्यांना शेजाऱ्याची वही तपासू द्या, फक्त एका प्रश्नापुरती : पुरावा दिलाय का? अंतर्गत गुणांसाठी स्टेशनरीच्या दुकानातून विकत आणलेली चित्रं चिकटवलेले प्रकल्प स्वीकारणं मात्र बंद करा. आजीच्या मुलाखतीची दोन पानं त्याहून कितीतरी मोलाची आहेत, आणि त्यांना खर्चही येत नाही.

मी स्वतः पुस्तकातली गोष्ट रंगवून सांगण्याच्या विरोधात नाही. काही धडे नुसते ऐकवायचेच असतात. भिडे वाड्यातली १८४८ सालची मुलींची शाळा सांगताना सावित्रीबाई आणि जोतीराव डोळ्यांपुढे उभे करा, तिथे रकाने आखत बसू नका. पण त्याच तासाच्या शेवटी एक काम करता येतं. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आपल्याच शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडा. नावं मुलांना दाखवू नका. दर दहा वर्षांनी त्या वर्षी दाखल झालेले मुलगे किती, मुली किती, आणि शाळा सोडल्याच्या नोंदी कितव्या इयत्तेच्या, एवढे आकडे तुम्ही काढून फळ्यावर लिहा. आलेख मुलं काढतील. मुलींची रेघ कोणत्या दशकात चढू लागली आणि का, यावर त्यांचे अंदाज ऐका. एसटीची फेरी गावात कधी आली, वरचे वर्ग शाळेला कधी जोडले गेले, वसतिगृह कधी झालं, अशी उत्तरं येतील आणि त्यातली प्रत्येक तपासून पाहता येईल.

सुरुवात जूनमध्येच करा, कारण दिवाळीनंतर वेळ मिळत नाही. पहिल्या आठवड्यात वर्षाचे धडे समोर ठेवून कोणत्या चार-पाच ठिकाणी पुरावा आणायचा ते ठरवा आणि त्यासाठी लागणारी परवानगी लगेच मागा. झाकलेल्या सातबाराच्या प्रती, प्रश्नांची यादी, नकाशाचे छेद, रजिस्टरमधले आकडे हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल घरी न नेता शाळेच्या कपाटात ठेवा. तुमची बदली झाली तरी पुढच्या शिक्षकाला ती तिथेच सापडेल.